'व संच'

शेवटचा जो गाण्याचा किंवा नाटकाचा कार्यक्रम तुम्ही बघितलात, त्यात मुख्य कलावंताच्या मागे उभ्या असलेल्या एका तरी माणसाचं नाव तुम्हाला सांगता येईल? घाई नाही, आठवून बघा. मला सतराव्या वर्षापर्यंत सांगता आलं नसतं. आणि मी तर अशा घरात वाढले, जिथे परभणीतल्या निम्म्याअधिक कार्यक्रमांच्या पत्रिका छापल्या जायच्या.

आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे छापखाना आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. बाबा चळवळीतले. पाणीटंचाई असो, शाळेची फीवाढ असो, नाहीतर हुंडा असो, बाबांच्या हातून पत्रक निघाल्याशिवाय तो प्रश्न शहरात आलाय असं आम्हाला वाटतच नसे. माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं. गल्लीने त्याचं कांती केलं, आणि कांती म्हणणाऱ्याला मी ओ देत नसे. माझी अक्षरओळख पत्रकांवरच झाली. 'जाहीर सभा' पहिल्यांदा लिहिलं की पुढे एक उद्गारचिन्ह, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा तीन, हे व्याकरण इतकं पक्कं बसलं होतं की चौथीत 'माझी आई' या निबंधात मी प्रत्येक वाक्यापुढे तीन-तीन चिन्हं दिली. बाईंनी लाल पेनाने विचारलं, "आई सारखी ओरडते का?" ओरडायची, पण बाबांवर. चुकलेल्या पत्रकांवर ती उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायची, आणि शाई ओली राहिली असेल तर कुरडईच्या पाठीवर 'निषेध' उलटा उमटायचा. तळल्यावर तो दिसेनासा होई.

पत्रकांवर घर चालत नाही, म्हणून बाबा पत्रिका छापत. लग्नाच्या थोड्या, कार्यक्रमांच्या फार. दिवाळी उलटली की आमच्या मशीनची खटखट सकाळी जी सुरू व्हायची ती जेवणापुरती थांबायची. बाहेरच्या लोकांना परभणी म्हटलं की ऊन आणि कापूस आठवतो. मला आठवतात त्या हिवाळ्यातल्या संध्याकाळी, जेव्हा एकाच दिवशी तीन ठिकाणी काहीतरी असायचं आणि कुठे जावं यावरून घरात भांडण व्हायचं. शाळेच्या सभागृहात हौशी नाटकं. सहा नाटकांत तोच एक सोफा, कधी राजवाड्यात तर कधी दवाखान्यात. उरुसाच्या दिवसांत मुशायरा, ज्यात निम्मे शब्द न कळताही आई "वाह" म्हणायची, आणि अगदी बरोबर जागी म्हणायची. गाण्याच्या बैठकीला मानवतचे एक कापसाचे व्यापारी स्वतःची उशी घेऊन येत आणि पहिल्या आलापाला डोळे मिटले की शेवटच्या भैरवीलाच उघडत. यांच्यातलं कुणी गाण्यावर किंवा नाटकावर पोट भरत नव्हतं. दिवसा कुणी बँकेत, कुणी दुकानात, कुणी शेतात. पण संध्याकाळी ही माणसं ज्या इमानाने तालमीला उभी राहायची, ते मी नंतर मोठमोठ्या शहरांतही फार कमी बघितलं. तिशी ओलांडल्यावर हे लिहिताना मला ते जास्त कळतंय. तेव्हा वाटायचं, सगळ्याच गावांत असं असतं.

या सगळ्यांत आमच्या घरचं म्हणावं असं एकच पथक होतं, शाहीर सोपानकाकांचं. सोपानकाका एसटीत कंडक्टर. पथकात ते धरून सात जण. रविवारी दुपारी कागदाचे गठ्ठे भिंतीला सरकवून आमच्या छापखान्यातच त्यांची तालीम चाले, कारण बसस्टँड जवळ होतं आणि आईच्या हातची सुशीला मिळायची. कुरमुरे भिजवून, वर दाण्याचा कूट आणि हिरवी मिरची घालून आई परातभर सुशीला करायची आणि सातही जण परातीभोवती बसून खायचे. सर्वांत शेवटी यायच्या गिरजामावशी, कारण त्या देवगाव फाट्याजवळच्या गावाहून बस बदलत यायच्या. दारातूनच ओरडायच्या, "ठिवलं का रे काही, का परात बी खाल्ली?"

मावशी झील धरायच्या. शाहीर कडवं संपवतो, तिथे मागून एक उंच सूर उठतो आणि शाहिराला श्वास घ्यायला जागा करून देतो. त्याला झील म्हणतात. मावशींचं माहेर जिंतूरकडच्या माळावरचं, वडील मेंढपाळ. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या मेंढ्यांना हाका मारून तो आवाज तयार झालेला. तो सुरू झाला की आमच्या छापखान्याच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडायची, हे मी पदरचं सांगत नाही. पण त्या आवाजात जोर होता तेवढाच सांभाळही होता. सोपानकाकांचा घसा बसलेला असला तर मावशी अर्धी ओळ आधीच उचलायच्या, ताल चुकला तर झील लांबवून तो जुळेपर्यंत धरून ठेवायच्या, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की शाहीर काय रंगलाय आज! हुंडाबंदी, साक्षरता, दारूबंदी, जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत हे पथक गेलं होतं. मावशींना स्वतःला अक्षर आलं तेच साक्षरतेची गाणी म्हणता म्हणता. मागच्या फलकावर लिहिलेलं रोज दिसायचं, त्यावरून त्या शिकल्या.

एका रविवारी त्या आल्या त्या थेट बाबांच्या टेबलाशी. पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला. म्हाताऱ्या कलावंतांना सरकारकडून मानधन मिळतं, त्याचा.

"किरांती, बाबाला म्हण जुन्या पत्रिका काढ," त्या मला म्हणाल्या. "सायेब पुरावा मागायलाय."

"कशाचा पुरावा?"

"मी गाती ह्याचा."

बाबांनी ट्रंक काढली. त्यांनी छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत त्यात असायची. आम्ही पथकाच्या सगळ्या पत्रिका जमिनीवर मांडल्या. पिवळ्या पडलेल्या, गुलाबी, शाई पुसट झालेल्या. गावं वेगळी, अध्यक्ष वेगळे, उद्घाटक वेगळे, आणि खाली जाड अक्षरांत एकच ओळ: शाहीर सोपान व संच. कुठे 'आणि सहकारी', कुठे 'आणि पार्टी'. मावशींनी पदर खोचला, गुडघ्यावर बसल्या आणि 'संच' या शब्दावर बोट ठेवत ठेवत पुढे सरकल्या.

"ही मी. हितं बी मीच. हितं बी." सगळ्या पत्रिका संपल्यावर त्या हसायला लागल्या. "लय ठिकाणी हाय की गं मी! फक्त सायबाला दावता येइना."

सगळे हसले. मी हसले नाही. त्या सगळ्या पत्रिका आमच्या मशीनवर छापलेल्या होत्या. कष्टकऱ्यांच्या हक्कासाठी पत्रकं काढणाऱ्या माझ्या बापाने तीस वर्षं सहा माणसांना एका शब्दात कोंबलं होतं, आणि त्यांना ते दिसलंसुद्धा नव्हतं. बाबांचा चेहरा पडला होता. ते एवढंच म्हणाले, "लिहून आलं तसं छापत गेलो."

पंधरा दिवसांनी आमच्या भागातल्या वाचनालयाच्या कला महोत्सवाची पत्रिका छापायला आली. संगणकावर मजकूर बसवायचं काम तोवर माझ्याकडे आलं होतं. वाचनालयाचे सचिव निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणत. त्यांच्या सुवाच्य अक्षरात प्रमुख उपस्थितीची अकरा नावं होती आणि तळाशी तेच, शाहीर सोपान व संच. मी 'व संच' खोडलं. अकरातल्या सात पाहुण्यांना एका बारीक ओळीत बसवलं आणि जी जागा निघाली तीत सातही कलावंतांची नावं घातली: ढोलकी कुणाची, डफ कुणाचा, तुणतुणं कुणाचं. झीलपुढे मी लिहिलं, गिरजा सखाराम शिंदे. नवऱ्याचं नाव मुद्दाम वगळलं. वडिलांचं नाव त्यांच्या गोष्टींतून मला माहीत होतं. बाबांनी प्रूफ वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गिरजाबाईंना विचारलंस का?"

"नाव काय विचारायचं? दर रविवारी हाक मारतो की."

सर मात्र आले ते घामेघूम होऊन. "अगं, आमदारांचे बंधू एवढ्याशा अक्षरात? त्यांना वाचायला भिंग द्यावं लागंल."

"सर, ते उपस्थित राहणार, गाणार नाहीत. गाणाऱ्यांची नावं मोठी नकोत?"

सरांनी बोट ठेवत सातही नावं मोजली. कार्यक्रमाच्या दिवशी मैदान स्वतः झाडून काढणारा हा माणूस. पाहुण्यांच्या रुसव्याने त्याची झोप उडायची. शेवटी म्हणाले, "छापा. बंधूंना मी सांगतो, मशीनच बारीक झालं." सोपानकाकांना मी भीत भीत दाखवलं. तीस वर्षं ज्या ओळीत त्यांचं एकट्याचं नाव होतं तिथे आता सात जण होते. त्यांनी पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं. आता कोण बेसूर झालं ते लोकायला नावानिशी कळंल."

अर्ध्या पत्रिका मी स्वतः सायकलवरून वाटून आले. पुढच्या रविवारी मावशी आल्या तेव्हा मी परात बाजूला सारून आधी पत्रिका त्यांच्या हातात दिली. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. त्या नेहमीसारखं बोट ठेवून वाचू लागल्या. बोट झीलपाशी आलं आणि थांबलं.

"ही कोण?"

"तुम्हीच की मावशी!"

"मी?" त्यांनी पत्रिका डोळ्यांपासून लांब धरली. "ही तर बापाच्या मेंढ्या राखायची. लगीन झालं अन हिचं नाव गेलं. सासरी मला लक्ष्मी केलं. आधारकार्डावर लक्ष्मीबाई मारोती काळे, रेशनकार्डावर त्येच. गिरजा तर सोपान म्हणतो, त्यो माहेरकडचा म्हणून. अन त्याचं ऐकून तुमी म्हणता. ह्यो कागद घेऊन गेले तर सायेब म्हणंल, आणा त्या गिरजाला."

मला शरमेच्या आधी राग आला. मी पत्रकासारखी बोलायला लागले. तुमचं नाव बदलायचा सासरच्यांना काय अधिकार, बाईने नवऱ्याच्या नावाने का ओळखलं जावं, मी जाणूनबुजून तसं छापलंय.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "नवऱ्याचं काढलंस अन बापाचं लावलंस. बाप काय बाई होता का गं?"

ढोलकीवाले नामदेवकाका फिसकन हसले.

"हसू नको रे नामद्या. पोरगी चांगलं कराया गेली." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट झील सोडताना उतरतो तसा उतरला होता. "किरांती, तुला कुणी कांती म्हणलं तर तू वळून बघत न्हाईस. मग मपलं नाव छापताना मला कावून इचारलं न्हाईस? लक्ष्मी त्यांनी केलं, मला न इचारता. गिरजा तू केलंस, मला न इचारता. फरक काय झाला?"

आजवर माझ्या लिखाणावर बरीच टीका झाली आहे. कोर्टाची नोटीसही एकदा आली. त्या प्रश्नाइतकं मला काहीच लागलेलं नाही. लोकांच्या वतीने बोलण्याची सवय घरातूनच लागली होती, आणि ज्यांच्या वतीने बोलतोय ते समोर बसून सुशीला खात असताना त्यांना एक शब्द विचारावा, हे मला सुचलं नव्हतं. मी विचारलं, "तुम्हाला कोणतं पाहिजे, मावशी?"

त्या परातीच्या कडेचे दाणे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही टाक. भाकरी लक्ष्मीनं थापल्या, गाणं गिरजानं म्हणलं. एकीला ठिवून दुसरीला कुठं धाडू?"

 बाबांनी एकच शब्द उच्चारला, "उर्फ."

उरलेल्या पत्रिका पुन्हा मशीनवर चढल्या आणि तळाशी लाल शाईत एक ओळ आली: झील – लक्ष्मीबाई मारोती काळे उर्फ गिरजा. पण वाटून झालेल्या पत्रिकांचं काय? बाबांनी माझ्या हातात लाल पेन दिलं. "छापील चुकीची जिम्मेदारी छापणाऱ्याची. जा, जिथे जिथे दिल्यास तिथे जाऊन दुरुस्त कर."

पुढचे चार दिवस मी सायकलवरून शहर पालथं घातलं. संगीत क्लासमध्ये पेटीवर मुलींचे सूर चालू असताना फळ्याशेजारी टाचलेल्या पत्रिकेवर लिहिलं. किराणा दुकानात पत्रिकेची पुडी झाली होती, ती सोडवून त्यावर लिहिलं; दुकानदार म्हणाला, "जिरं सांडलं की गं!" बाजारातले रहीमचाचा शिंपीकाम करत आणि मुशायऱ्यात तखल्लुस घेऊन, म्हणजे शायरीच्या टोपणनावाने, शेर वाचत. त्यांनी मशीन थांबवलं.

"नाम की गलती? बेटा, मेरे तखल्लुस के हिज्जे आजतक कौनसेबी पोस्टर में सही नै आए. कोईच पेन लेके नै आया." मग पत्रिका हातात घेऊन विचारलं, "कौन हैं ये बाई?" मी सगळं सांगितलं. मेंढ्या, टेकडी, साहेब, फॉर्म. चाचांनी मला पेन परत दिलं. "उर्फ के बादवाला नाम जरा मोटा लिख. वो गानेवाली का है."

प्रत्येक ठिकाणी हेच झालं. चूक दुरुस्त करायला गेले की लोक विचारत, ही कोण, आणि मग मला सांगावंच लागे. शाळेच्या ओसरीवर नाटकाची तालीम चालली होती. बँकेतले एक कॅशिअर राजा झाले होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं, मुकुट काढला आणि मागे वळून हाक मारली, "अरे, तो पडदा ओढतो त्याचं पूर्ण नाव काय रे?" कुणालाच सांगता येईना. तालीम तिथेच थांबली आणि सगळे त्याला शोधायला गेले. तो कोपऱ्यावर चहा पीत होता.

महोत्सवाच्या संध्याकाळी मैदानावर कापडी मांडव, शेजारी मिरचीभज्यांची कढई, आणि पहिल्या रांगेत आमदारांचे बंधू, बारीक अक्षराची तक्रार न करता बसलेले. निवेदनाला कॉलेजातल्या एक मॅडम होत्या. दरवर्षी त्या "आता येत आहेत शाहीर सोपान आणि संच" म्हणून मोकळ्या व्हायच्या. या वेळी त्यांना सात नावं वाचायची होती. एकेका नावाला टाळी पडत गेली; नामदेवकाका तर नाव ऐकून इतके गोंधळले की त्यांनी नमस्काराऐवजी ढोलकीवर थाप मारली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "झील, लक्ष्मीबाई मारोती काळे उर्फ..." आणि श्वास घ्यायला थांबल्या. तेवढ्यात रहीमचाचा ओरडले, "उर्फ?"

मांडवातून इकडून तिकडून, पेटीच्या क्लासमधल्या मुलींकडून, किराणा दुकानदाराकडून, राजाकडून, एकदम आवाज आला, "गिरजा!"

मावशींनी पदराने तोंड झाकलं. इतक्या वर्षांत स्टेजवर त्यांना लाजताना मी पहिल्यांदा बघितलं. सोपानकाका माइकवर म्हणाले, "सत्कार झाला असंल तर गाणं म्हणावं का, का जाऊ घरी?" हशा पिकला, डफावर काडी पडली. पहिलं कडवं संपलं तिथे मावशींनी पदर खाली केला, उजवा हात कानाशी नेला आणि सूर लावला. मी तो आवाज लहानपणापासून ऐकत होते. तरी त्या दिवशी पहिल्यांदा मी शाहिराकडे न बघता मागे बघत गाणं ऐकलं. शाहीर पुढे चार पावलं टाकायचा ते मागे ती उभी आहे म्हणून, हे इतकं उघड दिसत होतं की आजवर कसं दिसलं नाही याचंच नवल वाटलं. आई माझ्या शेजारी बसली होती. तिने "वाह" म्हटलं, बरोबर जागी.

मावशींनी लाल ओळीची पत्रिका जोडून अर्ज दिला, आणि तो परत आला. एवढ्या वर्षांच्या कलेला एकच पत्रिका पुरत नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. मी संतापून पत्रक लिहायला बसले, तर बाबा म्हणाले, "एक कागद पुरत नसतो, हे मला कळायला जन्म गेला. अजून छापू." पण आम्हाला मुद्दाम काही छापावं लागलं नाही. त्या हिवाळ्यात नाटकवाल्यांनी पडदेवाल्याचं नाव छापलं. त्यांचं बघून भजनी मंडळांनी टाळकऱ्यांची नावं दिली. पथकाला ज्या ज्या गावांनी बोलावलं त्या गावांच्या पत्रिका मावशी पिशवीत घालून आणायच्या आणि टेबलावर पसरायच्या. सगळ्यांत दोन्ही नावं होती, मध्ये उर्फ. काही ठिकाणी तो 'ऊर्फ' होता, काही ठिकाणी 'उर्फे', पण होता. सोपानकाकांनी प्रतिज्ञापत्र दिलं, बाबांनी ट्रंकेतल्या जुन्या पत्रिका जोडून 'या संचात या बाई होत्या' असं सही करून लिहून दिलं. दुसऱ्या वर्षी अर्ज मंजूर झाला. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मावशींनी ते बोट ठेवून वाचलं. त्यात फक्त लक्ष्मीबाई होती. त्या म्हणाल्या, "असू दे. गिरजाला तर सगळा मांडव वळखतो."

आता पत्रिका छापायला फारसं कुणी येत नाही, त्या फोनवर येतात. रंगीत, हलणाऱ्या, पाहुण्यांच्या गोल फोटोंनी भरलेल्या. तळाशी अजूनही बहुतेक वेळा तेच दोन शब्द असतात. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या गल्लीत, गावात, कॉलेजात पुढचा जो कार्यक्रम ठरेल, मग तो केवढाही लहान असो, त्याच्या पत्रिकेचा मजकूर तयार करायच्या आधी तालमीच्या जागी जा. जे मागे बसलेले, उभे असलेले, पडदा ओढणारे, पेटी उचलणारे दिसतील, त्यांच्यापाशी जाऊन बसा आणि प्रत्येकाला विचारा, नाव काय छापू? ते जे सांगतील ते, त्यांच्यासमोर लिहून घ्या, आणि लिहिलेलं त्यांना एकदा वाचून दाखवा.